हमीदभाऊ मोकळेपणानं बोलले

आमच्या कंपनीत कुणी कुणाला साहेब म्हणायचं नाही, असा नियम होता. मुंबईच्या मुख्य ऑफिसपासून चंद्रपूरच्या आमच्या तीन खोल्यांपर्यंत सगळ्यांनी सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारायची. आम्ही पोरं दोन दिवसांत सरावलो. हमीदभाऊ चार वर्षांत सरावले नाहीत. मॅनेजर निखिल त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी त्याला हाक मारायची वेळ आली की हे समोर जाऊन खाकरायचे. एकदा निखिलच्या गाडीचे दिवे चालू राहिले होते, तर त्याच्या केबिनच्या दारात उभे राहून दहा मिनिटं खाकरले. निखिलनं त्यांच्यासाठी खोकल्याचं औषध मागवलं! "नुसतं निखिल म्हणायचं ना भाऊ," मी म्हटलं, तर म्हणाले, "ज्याच्या हातात आपली रोजीरोटी, त्याले दोस्तासारखी हाक माराची? जीभ नाई वळत बाबू."

हमीदभाऊंचं आरमोरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ संपले आणि दुकान बसलं. त्याच सुमारास कंपनीनं गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत बिनतारी फोन बसवले आणि त्यांना कंत्राटावर घेतलं. मोबाईल तिकडे पोचायचा होता. गावात एक फोन, छपरावर अँटेना, शेजारी सौर पाटी. माकडं अँटेना फिरवायची, बॅटरी उतरायची, आणि हमीदभाऊ मोटारसायकलला शिडी बांधून निघायचे. मी इंजिनिअर. मला मीटर लावून जे सापडायचं नाही, ते हा माणूस अँटेना बोटभर सरकवून शोधायचा. इतकी घाई कशाला म्हटलं की ठरलेलं उत्तर, "आपल्याले शंभर फोन हायेत बाबू. त्यायले तो एकच हाय."

माझं काम ऑफिसात, तक्रारींच्या कॉम्प्युटरवर. तक्रार चोवीस तासांत बंद झाली पाहिजे. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर प्रत्येक तालुक्यासमोर हिरवं नाहीतर लाल चुंबक. लाल लागलं तर सकाळच्या मीटिंगमध्ये निखिल ओरडायचा नाही. हसून विचारायचा, "तुला इथे आवडतंय ना?" ओरडला असता तर परवडलं असतं. मग आम्ही सगळेच एक विद्या शिकलो. शेऱ्यात 'ग्राहकाशी बोललो, फोन चालू' असं ठोकून द्यायचं आणि तक्रार बंद करायची. दुरुस्ती काय, होईल तेव्हा होईल.

मी तेव्हा उमेदवारीवर होतो. बल्लारपुरात वडील काम सुटून घरी बसलेले, बहीण कॉलेजात. नोकरी कायम झाल्याचं माझं पत्र त्याच आठवड्यात यायचं होतं. आणि त्याच आठवड्यात मुंबईहून वंदना आली. आमच्या भागाची सगळ्यात वरची अधिकारी. तिनं सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाली, "इथे कुणी लहान-मोठं नाही. मोकळेपणानं बोला." हे वाक्य दर तीन महिन्यांनी कुणीतरी येऊन म्हणायचं. आम्ही माना डोलवायचो आणि समोसे खायचो. त्याला उत्तर द्यायचं नसतं, हे कळायला काय अक्कल लागते? पण हमीदभाऊ अशा दिवशी नेहमी जंगलात असायचे. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं आणि खरं मानलं.

"बोलू काय बाई?" म्हणत ते उभे राहिले. "फळ्यावरचा एटापल्लीचा हिरवा खोटा हाय."

निखिल हसला. एटापल्लीच्या तक्रारी माझ्याकडे होत्या.

"तिकडल्या कोसमटोल्याचा फोन आठ दिवसांपासून बंद हाय. नर्सबाईनं काल एस्टीच्या कंडक्टरच्या हातून मले चिठ्ठी पाठवली. दोन बायांचे दिवस भरले हायेत तिथी. गाडी बोलवाची तं कशी बोलवाची?"

वंदनानं कॉम्प्युटर बघितला. 'ग्राहकाशी बोललो, फोन चालू.' खाली माझं नाव. तिनं मला विचारलं, "तू बोललास त्यांच्याशी?"

"हो," मी म्हटलं. "परवाच बोललो. फोन चालू आहे."

हमीदभाऊंनी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला. नंबर त्यांना पाठ होता. तो लावला असता तर पलीकडे घंटासुद्धा वाजली नसती आणि माझी नोकरी तिथंच संपली असती. सगळे त्यांच्या बोटाकडे बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"मंग माझंच चुकलं असन बाई," म्हणाले. शिडी घेतली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. कोसमटोल्याहून नर्सबाई बोलत होत्या. "फोन चालू झाला हो. एका बाईसाठी आत्ताच गाडी बोलावली. हमीदभाऊ अजून छपरावरच आहेत. तुमच्याशी बोलून घ्या म्हणाले, तुमचं काम अडलं आहे म्हणून." मी "हो, हो" म्हणून फोन ठेवला. माझा खोटा शेरा त्यांनी खरा करून दिला होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

माझं पत्र आलं. पुढच्या महिन्यात हमीदभाऊंचं कंत्राट वाढवलं नाही. कारण लिहिलं होतं, संघभावनेचा अभाव. निरोपाला निखिलनं केक आणला. हमीदभाऊंनी तो खाल्ला, कंपनीची शिडी परत केली आणि बाहेर आले. मी मागोमाग धावलो. म्हटलं, "भाऊ, मी खोटं बोललो त्या दिवशी."

"मले काऊन सांगून राह्यला?" ते म्हणाले. "मले तं मालूम हाय. ज्यायले मालूम नाई त्यायले सांग." आवाजात राग नव्हता. त्यांनी गाडीला किक मारली आणि गेले.

मी कुणालाही सांगितलं नाही. त्याच कंपनीत वर चढत गेलो. मागच्या वर्षी हमीदभाऊ गेले. मी आरमोरीला मातीला गेलो होतो. त्यांच्या मुलीनं, नसरीननं, मला ओळखलं. चहा दिला आणि म्हणाली, "अब्बाची नोकरी काऊन गेली, आमाले कधी समजलंच नाई. तुमाले माहीत असन."

"कंपनीचे नियम होते," मी म्हटलं आणि चहा प्यायलो.

नसरीन, तुझे अब्बा चुकले नव्हते. नर्सबाईंना मी फोन केलाच नव्हता.