स्टुलाची उत्तरपूजा

बादली सरकल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून धावायचे. बेसिनपर्यंत हात पुरत नाही म्हणून माझी साडेतीन वर्षांची लेक मोरीतली बादली ओढत आणायची, उपडी करायची आणि वर चढायची. एकदा बादली सटकली, हनुवटी बेसिनच्या कडेवर आपटली आणि टाके पडले. वाटलं, आता तरी पोरगी धडा घेईल. छे! टाके निघायच्या आधीच बाईसाहेब पुन्हा बादलीवर. रागावून झालं, बादली लपवून झाली. मग तिने पिठाचा डबा शोधला.

"रविवारी स्टूल करतो," असं नवरा दर आठवड्याला म्हणायचा. तो नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात शिफ्टवर जातो. त्याचा रविवार कधी येतो हे त्यालाही ठाऊक नसतं. शेवटी मीच कंबर कसली. जुन्या दिवाणाची सागवानी फळी पडून होती, ती आरागिरणीवरून कापून आणली. अंगठा ठेचून घेतला, नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण स्टूल उभं राहिलं. डुगडुगत होतं. एक पाय घासून बरोबरीला आणला, चारही पायांखाली जुन्या स्लिपरचे तुकडे ठोकले आणि मी स्वतःच त्यावर चढून हलून पाहिलं. जागचं हललं नाही. माझं मलाच भारी कौतुक वाटलं.

पॉलिशपेपर मारून ते बेसिनखाली ठेवलं आणि अंगावरचा भुसा झटकायला अंगणात गेले. तेवढ्यात अकोटहून आलेल्या सासूबाईंनी आपलं काम केलं. परत येते तो स्टुलावर हळदीकुंकू, मधोमध जास्वंदीचं फूल, आणि आजीशेजारी नात हात जोडून उभी. आमच्याकडे फ्रीज आला तेव्हाही हेच झालं होतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"चढ आता," मी लेकीला म्हटलं.

"नाई."

"काहून व माय?"

"देव हाय तो. देवाले पाय लावत नाईत."

झाडूला पाय लागला, पुस्तकाला लागला तरी नमस्कार करायचा, हे आजीनेच तिला शिकवलेलं. मी समजावलं, गोळीचं आमिष दाखवलं, डोळे वटारले. पोरगी ढिम्म. मग मी ओलं फडकं घेऊन कुंकू पुसलं, तर तिने "देवाले पुसलं!" म्हणून घर डोक्यावर घेतलं आणि रडत रडत मोरीकडे निघाली. बादली आणायला.

माझा तोल गेला. "आई, आता तुमीच काढा याच्यातून वाट! पुन्हा पडली म्हणजे?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "मी त्याच्यासाठीच तं लावलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पोरगी पडू नये म्हनून."

आम्हा दोघींना एकाच गोष्टीची भीती होती.

थोड्या वेळाने त्या स्वयंपाकघरातून चिमूटभर अक्षता घेऊन आल्या. नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "गनपतीले कसं पाठवलं होतं आपन? तसंच याले बी पाठवू." स्टुलावर अक्षता टाकल्या, स्टूल जागचं जरासं हलवलं. "गेला देव आपल्या घरी."

"मंग हे काय राह्यलं?"

"लाकूड."

लेकीने वाकून स्टुलाखाली पाहिलं, कुणी उरलंय का म्हणून. पण चढली नाही; खेळायला पळाली. त्या रात्री नवऱ्याने स्टुलाची तारीफ केली आणि मला ती मुळीच गोड लागली नाही.

सकाळी पोळ्या लाटत होते आणि बादली सरकल्याचा आवाज आला. लाटणं टाकून धावले. कालची बादली तिथेच होती खरी, पण भिंतीकडे ढकललेली. स्टुलाला जागा हवी होती ना! लेक स्टुलावर उभी होती, दोन्ही पाय घट्ट रोवून, तोंडात ब्रश, आणि नळ पूर्ण सोडलेला.

माझ्यामागे सासूबाई धापा टाकत आल्या. पुढे बघायची त्यांची छातीच होईना.

"उभी हाय नं व?"

"उभी हाय, आई."

त्यांनी माझा दंड धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. आमच्या अमरावतीत पाण्यासाठी जिवाचं किती रान करावं लागतं ते मला ठाऊक आहे, पण नळ बंद कर म्हणायचं काही मला सुचलं नाही.