सॉरेल फोर्कचे पंचवीस नकार

व्हर्ना स्टँपरला कुणी 'नाही' म्हटलं की तिचा एकच प्रश्न असायचा, लिहून देता का? एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. डोंगरातल्या एकेरी रस्त्यावर समोरून कोळशाचा ट्रक आला तर मागं ट्रकनं जायचं, असा तिचा कायदा होता, आणि ट्रकवाले तो मुकाट पाळायचे. साथीच्या वर्षी शाळा बंद झाल्या तेव्हा जिल्ह्यानं तिच्या बसमध्ये इंटरनेटचं यंत्र बसवलं. ती रोज सकाळी चर्चच्या आवारात बस उभी करायची आणि सॉरेल फोर्क या डोंगररस्त्यावरची पोरं बसभोवती आईबापांच्या गाड्यांत बसून, काचा वर करून, कुडकुडत शिकायची. कारण सॉरेल फोर्कच्या सव्वीस घरांत इंटरनेट नव्हतं.

त्याच साथीच्या नावानं वॉशिंग्टननं राज्याला पैसा दिला. जिथं इंटरनेटची लाइन नाही तिथं ती न्या, म्हणाले. पण वाढप राज्याच्या हाती. वाढपी ओळखीचा असला तर पंगतीत शेवटी बसलेल्याच्या पानातही तूप पडतं. राज्याच्या राजधानीत सॉरेल फोर्कला कोण ओळखणार? तिथल्या कचेरीनं एक नकाशा काढला. त्यात हा रस्ता हिरवा, म्हणजे 'सोय आहे'. का, तर रस्त्याच्या तोंडाशी एका परगावच्या दंतवैद्याचं शिकारीसाठीचं घर आहे आणि त्यात लाइन आहे. वर्षाचे सहा दिवस तो हरणं मारायला येतो. एका घरात आहे म्हणजे रस्त्यावर आहे, असा त्यांचा न्याय. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे आणखी काय असतं?

व्हर्नाचं हे नुसतं तत्त्वाचं भांडण नव्हतं. तिचा नवरा हार्लन बावीस वर्षं खाणीत होता आणि फुफ्फुसात कोळशाची धूळ घेऊन वर आला होता. डॉक्टरीणबाई नव्वद मैलांवर, तिच्याकडं दर पंधरा दिवसांनी जायचं, आणि आता त्याला तेवढा वेळ गाडीत बसवत नव्हतं. बाई म्हणाली, घरी लाइन आली तर मी पडद्यावर बघेन. नाही आली तर पुढच्या हिवाळ्याआधी कोलंबसला मुलीकडं राहायला जा. मुलगी ट्रीना गुणाची, तिनं खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. त्या खोलीचा विषय निघाला की हार्लन उठून ओसरीत जाऊन बसायचा. हे घर त्यानं स्वतःच्या हातांनी बांधलं होतं.

व्हर्नानं राजधानीला फोन लावला. कचेरीतल्या बाईचा आवाज मधासारखा होता. हरकत घ्यायला तीस दिवस, ती म्हणाली. प्रत्येक घरानं इंटरनेटच्या कंपनीकडं लाइन मागायची, कंपनी देत नसेल तर तसं पत्र घ्यायचं आणि हरकत वेबसाइटवरच भरायची.

"म्हणजे माझ्याकडं इंटरनेट नाही, हे मी इंटरनेटवरून सांगायचं?"

"हो, मॅडम."

"हे वाक्य तुम्ही कुणासमोर मोठ्यानं म्हणून बघितलंय का हो?"

व्हर्नानं फोन ठेवला आणि त्याच दुपारी दारोदार निघाली.

आता लोक होकारासाठी देव पाण्यात घालून बसतात. सॉरेल फोर्क नकारासाठी बसला. कुणाच्या दारात टपालगाडी थांबली की शेजारी ओरडून विचारायचे, आला का? पहिला नकार शेजारच्या ओपल फ्यूगेटला आला. तिनं तो फ्रिजवर नातवंडांच्या चित्रांच्या वर लावला आणि आनंदानं घेवड्याची आमटी नि मक्याचा पाव करून रस्ताभर वाटला. एकविसाव्या दिवसापर्यंत पंचवीस नकार झाले. राहिलं एक घर, व्हर्नाचं.

तिचं पत्र आलं नाही, माणूस आला. ब्रेंट नावाचा, कंपनीचा पांढरा ट्रक घेऊन. तो ओसरीत बसला, हार्लनच्या नाकातल्या नळीकडं त्यानं एकदा बघितलं आणि अगदी मऊपणानं सांगितलं, की तुमच्या घरापर्यंत लाइन आणायचं आम्ही ठरवलंय. या आठवड्यात. फुकट.

"आणि बाकीच्यांचं?"

"त्यांचं नंतर बघू ना. तुमच्या घरची गरज मोठी आहे, मॅडम. मात्र मग ती हरकत तेवढी..."

व्हर्नाला राग यायला हवा होता. आधी तिला हवीशी वाटली ती लाइन. खरं सांगायचं तर तिनं मनातल्या मनात यंत्र कुठल्या भिंतीला लावायचं तेही ठरवून टाकलं. आणि तिच्या लक्षात आलं, आपण लाइन घेतली की नकाशावर एकाची दोन घरं होणार. मग सॉरेल फोर्क जन्मभर हिरवाच. आपल्या पोळीवर तूप ओढून घ्यायचं आणि उरलेल्या पंगतीला उठा म्हणायचं.

पण श्वास तिचा नव्हता. ती नवऱ्याकडं वळली. "हार्लन, तू सांग. तू घे म्हणालास तर मी घेईन. आयुष्यात कधी टोचून बोलणार नाही."

हार्लनला बोलायला वेळ लागायचा. ब्रेंटनं तेवढ्यात हातातला कागद पुढं सरकवला.

"माझ्याकडं हवा कमी उरलीय, बाळा," हार्लन म्हणाला. "लाज अजून भरपूर आहे. घेऊन जा तो कागद."

"असा नको नेऊस," व्हर्ना म्हणाली. "एका घराला देता, पंचवीस घरांना देत नाही, हे त्यावर लिही आणि खाली सही कर."

ब्रेंटनं सही केली नाही. मग तिनंच स्वच्छ अक्षरात लिहिलं, की कंपनीनं आम्हा एकट्यांना लाइन देऊ केली, आम्ही घेतली नाही. खाली नवराबायकोनं सह्या केल्या. अठ्ठाविसाव्या दिवशी तिनं बस चर्चच्या आवारात नेली, ओपलला शेजारी बसवलं आणि सगळी सव्वीस पत्रं एकेक करून राजधानीला धाडली. साडेतीन तास लागले.

निकाल मार्चमध्ये आला. पंचवीस घरं यादीत घेतली होती. सव्विसावं नाही. त्या घराला लाइन देऊ केली होती, म्हणजे तिथं सोय आहे, असं राज्याचं म्हणणं. कंपनीला विचारलं तर ती म्हणाली, तेव्हा देत होतो, तुम्हीच नाकारलीत. खरं बोलल्याचं हे बक्षीस! ओपल ढसाढसा रडली. व्हर्नानं तिला गप्प केलं आणि नव्या हरकतीचा अर्ज लिहायला घेतला.

उन्हाळाभर कंपनीची माणसं व्हर्नाच्या दारासमोरून लाइनसाठी चर खणत गेली. ऑक्टोबरात पंचवीस घरांत लाइन चालू झाली. ओपलच्या घरात यंत्र लावायला ब्रेंटच आला. जाताना त्यानं बजावलं, की ही लाइन शेजाऱ्यांना द्यायला बंदी आहे, करारात लिहिलंय.

"लाइन माझ्याच घरात राहील," ओपल म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात कॉफीला कोण बसतं, तेही करारात लिहिलंय का?"

दुसऱ्याच मंगळवारी तिनं आणि व्हर्नानं हार्लनला दोन बाजूंनी धरून अंगण ओलांडून नेलं. चाळीस पावलांत तो तीनदा थांबला. ओपलच्या टेबलाशी बसल्यावर पडद्यावर डॉक्टरीणबाई आली. तिनं त्याच्या मागची अनोळखी भिंत आणि दोन बायका बघितल्या आणि काळजीनं विचारलं, "कुठं आहात तुम्ही, मिस्टर स्टँपर? मुलीकडं गेलात का?"

हार्लननं दम गोळा केला.

"छे," तो म्हणाला. "घरीच आहे."