माळावरच्या फुटक्या अंड्यांनी मला शिकवलं

अर्जाची मुदत चार दिवसांवर आली होती आणि लिहून झालेला अर्ज मी रात्र रात्र जागून पुन्हा पुन्हा वाचत होते. इकॉलॉजीतल्या संशोधनासाठी मिळणाऱ्या फेलोशिपचा हा माझा दुसरा आणि वयाच्या अटीमुळे शेवटचाच प्रयत्न होता. आदल्या वर्षी मी मुलाखतीपर्यंत पोचले होते. समोरच्या चौघांपैकी एकानं पहिला प्रश्न विचारला आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. उत्तर मनात स्पष्ट होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. त्यांनी पाणी दिलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि हळुवारपणे सांगितलं, तुम्ही आता निघू शकता. त्यानंतर वर्षभर नुसता फोन वाजला तरी माझ्या तळहातांना घाम सुटायचा.

माझा विषय होता धाविक. तांबूस अंगाचा, माळावर तुरुतुरु पळणारा हा पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. तीर्थपुरीच्या आमच्या घरापासून जवळच्या माळांवर मी दोन उन्हाळे फिरले होते. मेंढ्या चरतात तिथं मला फुटलेली अंडी सापडली. तारेचं कुंपण घालून चराई बंद केलेल्या तुकड्यांत एकही फुटलेलं अंडं दिसलं नाही. मेंढ्यांच्या खुरांखाली अंडी फुटतात, म्हणून चराई थांबवावी, असा माझा प्रस्ताव तयार होता. मार्गदर्शक सरांनाही तो पटला होता.

माझी अवस्था पाहून आई म्हणाली, जांबला जाऊन ये. देवावर माझा विश्वास होता का, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. पण घरात बसवत नव्हतं, म्हणून गाडी काढली आणि जांब समर्थच्या देवळात गेले. हात जोडले तेव्हा मनात एकच मागणं होतं : एवढ्या वेळी निवड होऊ दे. शांत काही वाटलं नाही. बाहेर पायरीवर येऊन बसले आणि मोबाइलमधली मुदतीची तारीख पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

शेजारी एक मेंढपाळ बाई नारळ फोडून खोबऱ्याचे तुकडे करत बसली होती. वय साठीच्या पुढचं असावं. तिनं एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि एवढी का भेली म्हणून विचारलं. अनोळखी माणसाशी बोलणं सोपं जातं. मी अर्जाचं सांगितलं, पक्ष्याचं सांगितलं, मोबाइलमधले अंड्यांचे फोटोही दाखवले. ते तिनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"ही चिडी मेंढ्यांच्या मागं मागंच राह्यती," ती म्हणाली. "गवत बारीक असंन तिथंच बसती. तुझ्या त्या तारेच्या आत घरटी तरी हायेत का?"

आत फुटलेली अंडी नाहीत, एवढंच मी लिहून ठेवलं होतं. आत घरटी आहेत का, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

"मेंढरू अंड्यावर पाय देत न्हाई, बाई. बाजूनं जातं," ती म्हणाली. "कुत्रे फोडतेत. जाऊन बघ."

मी आले होते धीर मागायला आणि हाती ही भीती घेऊन परत निघाले होते. वाटभर मी त्या बाईवर चिडत होते. तिला काय कळतं, असंही मनात आलं, आणि त्याची लाज आजही वाटते. प्रस्ताव आहे तसा पाठवला असता तर कुणाला कळलं असतं?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कुंपणाच्या आत शिरले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीनं चालत गेले. अंडी घालण्याचा हंगाम ऐन भरात होता; आत गुडघाभर कुसळी गवत होतं, पण घरटं एकही नव्हतं. दुपारपर्यंत सगळे तुकडे पालथे घातले. जिथं अंडीच नव्हती तिथं ती फुटणार कशी? दोन वर्षांचं माझं काम उलटं उभं होतं. मी तिथंच बसून रडले.

संध्याकाळी सरांना फोन लावला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नव्यानं लिहून पाठव. शिफारस मी देतो." अंडी नेमकं कोण फोडतं आणि चराई थांबली तर हा पक्षी टिकेल का, असे दोन साधे प्रश्न घेऊन मी प्रस्ताव पुन्हा लिहिला आणि मुदतीच्या काही तास आधी पाठवला.

मुलाखतीला तीच खोली होती आणि माझं तोंड तसंच कोरडं पडलं होतं. टोकाला बसलेल्या वयस्क बाईंनी विचारलं, चराई नसलेल्या भागात मुळात घरटी किती होती? मग माझाच आवाज मला ऐकू आला. "एकही नव्हतं, मॅडम. मी चुकले होते. जांबच्या देवळात भेटलेल्या एका मेंढपाळ बाईंनी ते मला दाखवून दिलं." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी बोलत राहिले.

निवड झाली. पावसाळ्यानंतर मी त्या मेंढपाळ बाईंना शोधत परतूरच्या रस्त्याला गेले. त्यांचा तळ सापडला, पण त्यांना मी आठवत नव्हते. खूप सांगितल्यावर म्हणाल्या, "डोळ्याला दिसतं ते सांगितलं असंन." आणि मेंढ्यांकडे वळल्या.

मी देवाकडे जे मागितलं ते मिळालं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. माझी चूक मला दिसू दे, हे मागायचं मला सुचलंही नसतं; ते त्या दिवशी मला दिलं गेलं, आणि ते घेताना मी घाबरले, चिडले, रडले. तरी ते माझ्याकडून काढून घेतलं गेलं नाही. भीती अजून आहे. उद्या माळावर काय दिसेल आणि त्यानं माझं काय काय खोटं ठरेल, या विचारानं आजही छातीत धडधडतं. तशाच धडधडत्या छातीनं मी रोज उजाडताना हात जोडते आणि चालू लागते. शरण जाणं म्हणजे काय, ते मला एवढंच कळलं आहे.