डब्यातली बाई

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून एक बाई तयार करायला घेतली. मी, कांदिवलीला आईसोबत राहणारी माझी मैत्रीण आणि शाळेत इतिहास शिकवणारा वर्सोव्याचा एक मित्र. तिघांनाही लिहायची हौस, पण एकत्र लिहायला बसलो की भांडणं व्हायची. म्हणून मित्राने खेळ काढला. गोष्ट लिहायचीच नाही. एका बाईच्या फक्त वस्तू आणि कागद जमवायचे. मैत्रिणीच्या हॉलमध्ये बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यात प्रत्येकाने गुपचूप काहीतरी टाकायचं आणि रविवारी तो उघडायचा. कुणी काय टाकलं हे विचारायचं नाही. बाईचं अक्षर डावीकडे झुकलेलं, सुटं सुटं. सगळ्यांनी तसंच लिहायचं.

आधी भंगारवाल्याकडचा एका काचेचा चष्मा आला. मग वाचनालयाचं कार्ड, रक्तदाब लिहून ठेवलेली वही, भाचीला लिहून पोस्टात न टाकलेलं पत्र. बाई निवृत्त नर्स झाली, एकटी राहू लागली. मैत्रिणीची आई, आमच्या काकू, पोहे घेऊन यायच्या आणि डब्यात डोकावायच्या. "आज काय मिळालं तुमच्या बाईकडे?"

दिवाळीनंतरच्या एका रविवारी एक चिठ्ठी निघाली. 'मंगळवारी दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं नाही. तो बराच वेळ उभा होता. दाराखालून बूट दिसत होते.'

"झकास," मित्र म्हणाला. "आत्ता कुठे जीव आला यार."

मला वाटलं, त्यानेच लिहिली असणार. त्याला वाटलं, मी.

पुढच्या आठवड्यात दुसरी आली. 'आज उघडलं. बूट न काढता आत आला. सही जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्यात.' त्यानंतरची एका ओळीची होती. 'शेजारीण महिनाभर गावाला गेली आहे, हे त्याला माहीत आहे.'

वाचताना माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर मला हेवाही वाटला. हे आपल्याला का नाही सुचलं? मग मी ठरवलं की या माणसाला आवाज द्यायचा. जाड पेनाने, मोठ्या अक्षरात मी लिहिलं, 'मंगळवारी येतो. तू कुणाला सांगतेस ते मला कळलंय.' रविवारी ती चिठ्ठी तिघांनी वाचली, वाहवा झाली आणि डबा बंद करून आम्ही चहा प्यायलो.

पुढच्या रविवारी डब्यात झेरॉक्स केलेले कागद होते. बक्षीसपत्र. मैत्रिणीने पहिलं पान वाचलं, शेवटचं उलटलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे कुणी टाकलं? आपल्याच घराचा पत्ता आहे हा. खाली आईची सही आहे."

मी नाही म्हटलं. मित्रानेही नाही म्हटलं. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी टाकलं," त्या म्हणाल्या. "आधीच्या चिठ्ठ्याही माझ्याच."

"तो म्हणजे कोण, आई?"

"दादा."

मैत्रिणीचा थोरला भाऊ मुलुंडला राहतो. घर काकूंच्या नावावर होतं, ते त्याला स्वतःच्या नावावर करून हवं होतं. बहीण ऑफिसात असताना, मंगळवारी दुपारी तो यायचा.

"हिला सांगितलंस तर पुन्हा तोंड दाखवणार नाही, म्हणाला. म्हणून तोंडाने नाही सांगितलं मी कुणाला. तुम्ही वाचाल, ओळखाल, असं वाटलं." काकू खुर्चीचा हात धरून बसल्या. "पण त्याला डब्याचंही कळलं. त्याची चिठ्ठी आली ना. मग मात्र मी घाबरले. मंगळवारी त्याच्याबरोबर जाऊन सही करून आले."

मित्र माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

"काकू, ती चिठ्ठी मी लिहिली होती," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू होय?" त्या हळूच म्हणाल्या. "अगदी त्याच्यासारखं लिहिलंस गं."

वकिलाने कागद बघून नकारार्थी मान हलवली. काकूंनी रजिस्ट्रारसमोर मर्जीने सही केली असं सांगितलं होतं, आणि मुलाविरुद्ध कोर्टात उभं राहायला त्या तयार नव्हत्या. चार महिन्यांत घर रिकामं झालं. मैत्रीण बोरिवलीला भाड्याने राहायला गेली. काकूंना भाऊ मुलुंडला घेऊन गेला. मैत्रिणीने मला कधी दोष दिला नाही. फक्त माझे फोन घेणं हळूहळू बंद केलं.

गेल्या महिन्यात मी काकूंना भेटायला गेले. भावानेच दार उघडलं. हसून आत बोलावलं, पाणी दिलं. काकू गॅलरीत बसल्या होत्या, बारीक झालेल्या. मी तब्येत विचारली की त्या आधी त्याच्याकडे बघायच्या, मग उत्तर द्यायच्या. मी होते तेवढा वेळ तो त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

निघताना तो लिफ्टपर्यंत आला. "पुढच्या वेळी आधी मला फोन करा," म्हणाला आणि स्वतःचा नंबर सांगितला. मी तो मोबाइलमध्ये घेतला. अजून फोन केलेला नाही.