फाइलीनं धरलेली जागा

माणसाचा स्वभाव बघायचा असेल तर एसटी स्टँडवर बघावा, असं माझं ठाम मत आहे. मतं बनवायला मला वेळही भरपूर मिळतो. सकाळी टोकावड्याहून मुरबाड, तिथं गाडी बदलून शहापूरचं कॉलेज, आणि संध्याकाळी तेच उलटं. नाव बीएस्सी बॉटनीच्या वर्गात आहे, पण खरं शिक्षण फलाटावरच चाललंय.

आमच्याकडे जागा धरायची रीत साधी आहे. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून काहीतरी आत टाकायचं. रुमाल, टोपी, पिशवी, छत्री, जे हाताला येईल ते. वस्तू ज्या सीटवर पडली ती सीट वस्तूच्या मालकाची. बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, पण सीटवरचा मळका रुमाल उचलून तिथं बसायची कोणाची छाती होत नाही. मी एकदा सीटवर नुसता कोबी ठेवलेला बघितलाय. त्यालाही लोकांनी मान दिला, आणि कोबी एकटा खिडकीशी बसून गेला. माझी नेमबाजी तर अशी की तिसरी खिडकी म्हटली की तिसरीच खिडकी. मला तिचा गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली असतं.

त्या दिवशी हर्बेरियमची फाइल जमा करायची शेवटची तारीख होती. हर्बेरियम म्हणजे रानातल्या झाडांच्या डहाळ्या दाबून, वाळवून कागदावर चिकटवायच्या आणि खाली माहिती लिहायची. चार वाजेपर्यंत फाइल टेबलावर नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही, असं बाईंनी सांगितलं होतं, आणि आमच्या बाई बोलल्या की बोलल्या. प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. मी महिनाभर पार सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत भटकून डहाळ्या आणल्या आणि आईच्या गादीखाली दाबल्या होत्या. त्या महिन्यात आईची पाठ का दुखायची, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

अकराच्या सुमारास मुरबाडला शहापूरची पाटी लावलेली गाडी मागंमागं येत फलाटाला लागली. माझा रुमाल घरी राहिला होता. सॅक खिडकीच्या फटीतून जाईना. फाइल चपटी होती, टाकली. तिसरी खिडकी, बरोबर सीटवर.

इथवर फारसं बिघडलं नव्हतं. खरा घोटाळा पुढं झाला. ज्याला जागा नाही तो दारात जाऊन झोंबतो, पण जागा धरलेला माणूस निवांत होतो. मी जमीनदारणीच्या थाटात समोर वडापाव खायला गेले. वर एक मिरची जास्तीची मागून घेतली. परत आले तर फलाट मोकळा.

मी कंट्रोलरच्या खिडकीशी धावले. "काका, शहापूर गेली?"

"शहापूर दोनला हाय. टोकावड्याची गाडी बंद पडली म्हणून ही तिकडं काढली. मगाशी माइकवर बोंबललो ना?"

स्टँडवरच्या माइकमधलं आजवर एकाही माणसाला कळलेलं नाही, असाही माझा एक सिद्धांत आहे, पण तो मांडायची ती वेळ नव्हती.

"काका, माझी फाइल गेली त्यात!"

"आन् तू?"

"मी वडापाव खात होते."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "फाइल तुझ्यापेक्षा शाणी हाय गो. टायमात गाडीत बसली."

पण माणूस चांगला. मी रडकुंडीला आलेली बघून त्यांनी कंडक्टरला फोन लावला. "तिसऱ्या खिडकीत फाइल हाय. हात लावू देऊ नको कोणाला, महत्त्वाची हाय ती." मग मला म्हणाले, "दीडपर्यंत येते गाडी परत. बस आता गप."

मी बसले. सकाळी ज्या रस्त्यानं मी आले त्याच रस्त्यानं माझी फाइल घरी निघाली होती, तीही बसून. मी येताना उभी होते. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. गाडी वाटेत बंद पडली तर? कोणी फाइलीवर टोपली ठेवली तर? जास्तीची मिरचीही आता आपलं काम करत होती.

पावणेदोनला गाडी आली. माणसं उतरायच्या आधीच मी आत घुसायला लागले आणि चार शिव्या खाल्ल्या. सगळे उतरले. तिसऱ्या खिडकीपाशी सीटवर माझी फाइल होती, आणि तिच्या शेजारी दांडा धरून एक मावशी उभ्या होत्या. पायाशी गाठोडं, एक पाय जरा उचललेला.

"फाइलवाला सायेब कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"मावशी, माझीच आहे ती."

"तुजी?" त्यांनी मला चपलेपासून वेणीपर्यंत बघितलं. "कंडक्टर बोलला, सायबाचा फोन हाय, कोणी बसायचा नाय. गाडी भरली नुसती. टोकावड्यापासना उभी हाय मी. म्हटला, येवडा मोठा माणूस कोण तो बघूनच उतरेन." मग जरा थांबून म्हणाल्या, "हनवटीला चटणी लागलीय तुज्या."

मी बाहीनं हनवटी पुसली. शेजारच्या फलाटावर शहापूरची गाडी लागली होती. मी फाइल छातीशी धरून पळाले. या खेपेला काही टाकलं नाही, सरळ दारातून घुसले आणि उरलेल्या शेवटच्या सीटवर धपकन बसले. जीव भांड्यात पडला. मान वर केली तर शेजारी दांडा धरून त्याच मावशी. लेकीकडे शहापूरलाच निघाल्या होत्या.

मी उठले. इतकी लाज मला वर्गात कधी वाटली नव्हती.

"बसा मावशी."

"नक्की? आता कोणाचा फोन नाय ना आला?" असं म्हणत त्या बसल्या. उभ्या माणसाचं सामान बसलेल्यानं मांडीवर घ्यायचं, हीसुद्धा आमच्याकडची रीत. त्यांनी माझी फाइल घेतली आणि न विचारता उघडली.

"हा टाकळा. ही भारंगी. हा कुडा." त्या पानं उलटत गेल्या आणि एकदम थांबल्या. "आगं, हे समदा माझ्या परसात हाय! ह्याच्यासाटी मी उभी ऱ्हायले?"

अर्धी गाडी हसली. मीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. शहापूर येईपर्यंत मावशी शेजारी बसलेल्या बाईला कशाची भाजी करायची, कशाला शेळी तोंड लावत नाही ते फाइल दाखवून सांगत होत्या. कुड्याची डहाळी मी उलटी चिकटवलीय, हेही त्यांनी सांगितलं. स्टँडवर उतरल्यावर फाइल माझ्या हातात देऊन त्यांनी गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गर्दीत निघून गेल्या. मी कॉलेजकडे धावत सुटले.

चारला पाच मिनिटं असताना फाइल टेबलावर पडली. बाईंनी पानं चाळली, सही केली आणि विचारलं, "स्वतः केलीस ना सगळी?"

"हो," मी म्हणाले. मग राहवेना. "म्हणजे डहाळ्या मी आणल्या. पण फाइल आज एका मावशींमुळे पोचली." आणि मी वडापावापासून सगळं सांगून टाकलं. आमच्या बाई हसतात हे मला त्या दिवशी कळलं. डोळे पुसून त्यांनी फाइल मिटली.

"नाव काय गं त्यांचं?"

फाइलीत पंचवीस झाडं होती. प्रत्येकाची दोन नावं, एक गावठी आणि एक लॅटिन, आणि ती पन्नासही मला तोंडपाठ होती. मावशींचं नाव मी विचारलंच नव्हतं.