आक्काचा गुडघा आणि टीसीचं तेल

माझ्या आक्काचा उजवा गुडघा आता दुमडत नाही. पाय सरळ काठीसारखा राहतो. जन्मभर जमिनीवर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या बाईला आता खुर्चीशिवाय कुठंच बसता येत नाही. डॉक्टर म्हणाले की लवकर आणलं असतं तर गुडघा वाचला असता. लवकर न्यायचं ते मी. आणि त्या सगळ्या महिन्यांत मी तिला बाटल्या भरून तेल आणून देत होतो.

मी ट्रान्स्फॉर्मरचं तेल तपासतो. बेळगावात एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथं नोकरीला आहे. साखर कारखाने, सूतगिरण्या, खडीच्या क्वारी, जिथं जिथं मोठा ट्रान्स्फॉर्मर आहे तिथं जाऊन नमुना घ्यायचा. आमच्याकडं ट्रान्स्फॉर्मरला टीसी म्हणतात. त्याच्या पोटात तेल असतं. ते आतल्या तारांना थंड ठेवतं आणि वीज भलतीकडं उडू देत नाही. त्यात पाण्याचा अंश शिरला, आंबटपणा आला, की तेल नासतं आणि एक दिवस टीसी जळतो. म्हणून तपासणी. खालच्या तोटीतून पहिलं तेल वाहून जाऊ द्यायचं, त्याच तेलानं बाटली विसळायची, मग नमुना भरायचा. बुचाला आतून बोट लावायचं नाही. आभाळ भरून आलं असेल तर नमुना घ्यायचाच नाही, कारण हवेतली ओल तेलात उतरते. एका कारखान्याचा मॅनेजर माझ्यावर खेकसला होता, "चार थेंबांनी काय होतंय हो साहेब? घ्या आणि जावा." मी पेटी मिटून परत आलो होतो. कामात मी असा आहे.

आक्का निपाणीत राहते. आई-वडील लवकर गेले. तिनं लग्न केलं नाही. विड्या वळून मला डिप्लोमापर्यंत शिकवलं. तिच्या बोटांना तंबाखूचा वास कायमचा आहे आणि माझ्या कपड्यांना तेलाचा. चिकोडीकडच्या कामावरून परतताना मी तिच्याकडं जेवायला थांबायचो. अशाच एका दुपारी तिनं माझ्या पेटीतली बाटली उचलली.

"ह्ये करंटचं त्याल न्हवं रं?"

"टीसीचं हाय. ठेव ती."

"पलीकडच्या आळीतली म्हातारी लावतीया गुडघ्याला. तिचा जावई लाइनमन हाय. लई गुण हाय म्हणं."

मी हसलो. "आक्का, ह्ये टीसीला थंड ठेवायचं त्याल. गुडघ्याला काय करणार?"

"एवढ्या मोठ्या टीसीला थंड ठेवतंय, मग माझ्या गुडघ्याची आग थंड करायला काय धाड भरलीया त्येला?"

दारात शेजारीण विड्यांच्या जुड्या बांधत बसली होती. ती म्हणाली, "आक्का, लावून चुलीपाशी जाऊ नगा. भडका उडंल."

"उडू दे. तेवढाच उजेड पडंल आळीत."

आम्ही तिघंही हसलो. मला माहीत होतं की त्या तेलात औषध काही नाही. लाइनमनपासून शेतकऱ्यापर्यंत आमच्या भागात हा समज सगळीकडं आहे. कितीतरी टीसींच्या तोट्या लोकांनी रात्रीत सैल केलेल्या मी पाहिल्या आहेत. तरी मी तिला तेल द्यायचं कबूल केलं. वापरलेलं नव्हे, पिंपातलं नवं, पाण्यासारखं स्वच्छ तेल मी पुढच्या खेपेला आणलं. वापरलेलं तेल कातडीला वाईट, हे मला ठाऊक होतं. एवढी काळजी घेतली म्हणून मला बरं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

मग ते सुरूच राहिलं. आक्का ते तेल आळीतल्या बायकांना वाटू लागली. सगळ्याच विड्या वळणाऱ्या, सगळ्यांचेच गुडघे धरलेले. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की बायका मोकळ्या बाटल्या घेऊन तिच्याभोवती जमायच्या. ती प्रत्येकीला सांगायची, "तसलं टीसीखालचं गळलेलं न्हाय ह्ये. माझा भाऊ मशीनवर तपासून आणतोय." मी बाहेर चपला घालत हे ऐकायचो आणि निघून जायचो.

तिचा गुडघा सुजत चालला. तिला संध्याकाळी कणकण यायची. एकदा ती म्हणाली, "बेळगावला न्हेतोस काय मला? मोठ्या दवाखान्यात दावू." मी म्हटलं, "बघू, ह्या महिन्यात काम लई हाय." आणि तिचं मन राखायला मी स्वतः तिच्या गुडघ्याला तेल चोळलं.

त्या दुपारी माझ्या हाताला जे लागलं ते मी विसरू शकत नाही. गुडघा गरम होता. दुसरा थंड होता. सूज कणकेसारखी मऊ होती आणि वरची मांडी वाळून गेली होती. टीसीची एक बाजू अशी गरम लागली असती तर मी त्याच पावली तो बंद करायला लावला असता, वाद घातला असता, लेखी दिलं असतं. आक्काला मी म्हणालो, "त्याल मुरू दे. बरं वाटंल." सुट्टी काढावी लागली असती, तिला गाडीत बसवून आणावं लागलं असतं, दवाखान्याच्या बाकावर दिवस गेला असता. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नव्हतं. मी खूप शोधलं, नव्हतं.

शेवटी ती विहाराच्या पायरीवर कोसळली, तेव्हा नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले, सुईनं पाणी काढून तपासायला पाठवलं. हाडाचा क्षय निघाला. औषधानं रोग जाईल, पण सांधा खाऊन टाकलाय, असं ते म्हणाले. तरुण होते, चिडलेले होते.

"इतके महिने काय करत होता?"

आक्का उत्साहानं म्हणाली, "त्याल लावत हुतो की. ह्योच आणून देतोय."

"कसलं तेल?" डॉक्टरांनी माझ्याकडं बघून विचारलं.

"साधंच," मी म्हणालो. "खोबऱ्याचं."

आक्कानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रिक्षात बसल्यावर, पाय आडवा माझ्या मांडीवर ठेवून, तिनं विचारलं.

"खोबऱ्याचं का म्हणालास?"

मी तिचा पाय मांडीवर नीट घेतला.

"चांगलं त्याल असतं तर त्येचं नाव लपवलं नसतंस. व्हय का न्हाय?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. त्या तेलात काही नाही हे पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं, तेही सांगितलं. मला वाटलं ती पायाचं बोलेल, रडेल, मला मारेल. लहानपणी मारायची. ती रस्त्याकडं बघू लागली. मग म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे. त्या बायकांना मी माझ्या हातानं दिलं रं. तुझं नाव सांगून दिलं."

डॉक्टरांनी पायाला घातलेलं प्लास्टर निघालं. गुडघा जसा बसायचा तसा बसला होता, सरळ. पुढच्या पौर्णिमेला ती वॉकर घेऊन विहारात गेली. मी मागं उभा होतो. वंदना झाल्यावर तिनं उभ्या उभ्या बायकांना सांगितलं की ते तेल लावू नका, गुडघा दुखत असेल तर दवाखान्यात दाखवा. एक म्हातारी म्हणाली, "तुझं नशीब येगळं आक्का. मला तर गुण आला. भावाकडनं आणखी एक बाटली मिळंल काय बघ." दोन-चार जणी हसल्या. आक्का हसली नाही. ती माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. म्हातारीला मीच उत्तर द्यायला हवं होतं. पण आक्काच वॉकर सरकवत त्या म्हातारीजवळ गेली आणि पुन्हा पहिल्यापासून समजावू लागली.

दवाखान्याला आता ती शेजारणीबरोबर जाते. मी सुट्टी काढतो म्हटलं की म्हणते, "तू तुझं काम बघ. माणसं खोळंबतात." बोलण्यात राग नसतो. जेवायला थांबलो तर वाढते. पण कुठं दुखतं, रात्री झोप लागते का, हे मला सांगायचं तिनं बंद केलंय. शेजारणीला विचारून घ्यावं लागतं.

गेल्या खेपेला मी तिला न सांगता निपाणीच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. ती आणि शेजारीण बेळगावच्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या होत्या. आक्काचा पाय वाटेत आडवा आला होता. चढणारी माणसं तो ओलांडून जात होती. मी खिडकीपाशी गेलो. तिनं पाहिलं, "आलास व्हय," एवढंच म्हणाली. तेवढ्यात कंडक्टर आला आणि पाय दुमडून घे यव्वा, असं कन्नडमध्ये ओरडला. दुमडत नाही, तिनं सांगितलं. त्याचा आवाज खाली आला. काय झालं, त्यानं विचारलं.

आक्कानं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"बिद्दिन्री," ती म्हणाली. पडले होते.

कंडक्टर चुकचुकला आणि पुढं गेला. गुडघा पडल्यामुळं गेला नव्हता, हे मी त्याला सांगू शकलो असतो. तो अजून दोन हातांच्या अंतरावरच होता. मी खिडकीचा गज धरून राहिलो. गाडी सुटली तेव्हा शेजारणीनं मला हात सोडायची खूण केली.