स्वयंपाकघरातली ज्युरी

वासंतीताईंची आणि माझी ओळख झाली तीच मुळी त्यांनी मला ज्युरीत बसवल्यामुळे. वकिलीची सनद नुकतीच हातात पडली होती. कोणाच्या तरी हाताखाली काम मिळावे म्हणून मी डोंबिवलीहून कोपरीला त्यांच्या घरी गेलो. बाहेरची खोली माणसांनी भरलेली होती. मी नाव सांगायच्या आत ताई म्हणाल्या, "बरं झालं आलात, एक माणूस कमीच होता. तिथे बसा, आणि मध्ये बोलायचं नाही."

आपल्यापैकी बहुतेकांना त्यांची ही पद्धत ठाऊक आहे. या गौरव अंकाच्या नव्या वाचकांसाठी सांगतो. दावा दाखल करण्याआधी, पक्षकाराची संमती असेल तर, ताई तो शेजारपाजारच्या माणसांपुढे ठेवत. दोन्ही बाजू स्वतःच मांडत. मग ही मंडळी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेत, आणि त्यांचे एकमत होईपर्यंत घरच्या मालकिणीला तिथे प्रवेश नसे. चहासुद्धा ज्युरीनेच करायचा. साखरेचा डबा सापडेना तर ताई बाहेरूनही सांगत नसत.

त्या दिवशीची पक्षकार म्हणजे गोमतीमावशी. खाडीवरच्या कोळी घरातल्या, मासळी विकून मुले वाढवलेल्या. लेकाने नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर घेतले, आणि सोसायटीच्या समितीने ठराव केला की मासळीची टोपली लिफ्टमधून न्यायची नाही. मावशींचे गुडघे दुखत होते. ताईंनी समितीची बाजू इतकी मनापासून मांडली की मावशी रागावल्या. "ताय, तुमी वकील कोनाच्या?"

"आत्ता समितीची. थांबा, तुमची पाळी येतेय."

आत आम्ही पुष्कळ वेळ भांडलो. शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त मुख्याध्यापक, पूर्ण शाकाहारी, वास म्हणजे वास या मुद्द्यावर अडून बसले होते. शेवटी ज्युरीतल्याच एका रिक्षावाल्याच्या बायकोने त्यांना विचारले, "सर, आणि टोपलीला वास येत नसता, तर समितीने मावशींना लिफ्टमध्ये घेतलं असतं?" सरांनी आपला मुद्दा सोडला. निकाल मावशींच्या बाजूने लागला. त्या निकालाला कायद्यात काडीची किंमत नव्हती, तरी मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "आज माजा म्हनना कोनीतरी आयकला," एवढेच त्या म्हणाल्या.

ताईंना ही ओढ वडिलांकडून आली. त्यांचे बिऱ्हाड मुंबईत असताना वडील एका फौजदारी खटल्यात ज्युरीत बसले होते. साधे कारकून होते. इस्त्रीचा कोट घालून जात आणि घरी आल्यावर खटल्याबद्दल चकार शब्द काढत नसत. छोट्या वासंतीने फारच छळले तेव्हा म्हणाले, "आज इतकी शिकलेली माणसं मला पटावं म्हणून बोलत होती." पुढे आपल्याकडची ज्युरीची पद्धतच बंद झाली. दिवाणी दाव्यांत तर ती आपल्याकडे कधी नव्हतीच. ताईंना जी हवी होती ती नेमकी तिथे.

परदेशातले कायदेही त्या याच आशेने वाचत. अमेरिकेत भेदभावाची नुकसानभरपाई मागितली तर ज्युरी मिळते, पण नुसता मनाईहुकूम मागितला तर न्यायाधीश एकटेच ठरवतात, हे वाचून त्या दिवसभर खट्टू होत्या. "म्हणजे गोमतीबाईंना तिथेही ज्युरी नाही. त्यांना पैसे कुठे हवेत, लिफ्ट हवी आहे." तोवर त्यांच्या हाताखाली लागलेला मी म्हणालो, माणसे भावनेच्या भरात वाहवतात, ज्युरी चुकते. "चुकते ना. पण चुकायच्या आधी एकमेकांच्या तोंडावर बोलावं लागतं," त्या म्हणाल्या.

मावशींचा दावा कोर्टात कित्येक वर्षे चालला. हुकूम त्यांच्या बाजूने झाला आणि न्यायाधीशांनी तो नीट विचार करून लिहिला होता. लिफ्ट उघडली. मात्र मावशी टोपली घेऊन आत शिरल्या की बाकीचे बाहेर पडत. हे कानावर आले तसे ते मुख्याध्यापक एके सकाळी त्या इमारतीत गेले, मावशींच्या शेजारी उभे राहून चौथ्या मजल्यापर्यंत गेले आणि तसेच खाली आले. हे ऐकून ताई मला म्हणाल्या, "हुकूम लिफ्ट उघडतो हो. पण सरांना गोमतीबाईंच्या शेजारी स्वयंपाकघराने उभं केलं." त्यांचे डोळे भरून आले होते.

ताईंचा जिव्हाळाही ऐकून घेण्याचाच. माझे वडील कल्याणला इस्पितळात होते तेव्हा ताई कोर्ट सुटल्यावर येऊन बसत आणि आम्ही घरच्यांनी कंटाळून सोडलेल्या वडिलांच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकत. सल्ला मागाल तर मात्र हात हलवत परत याल. खडवलीला राहायला जावे की नाही यावरून मी आणि माझी पत्नी त्यांच्यापुढे भांडलो, तर म्हणाल्या, "मी एकटी निकाल देत नाही."

यंदा पंचाहत्तरी पूर्ण होताना ताईंनी वकिली थांबवली. खरी ज्युरी आपल्या हयातीत येणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते. तरी परवा गौरव समितीचे आम्ही लोक शाल कोणत्या रंगाची घ्यावी हे विचारायला गेलो, तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिल्या. "सगळा जन्म या दाराच्या बाहेर काढला. बाबांसारखं एकदा आत बसायचंय मला."

म्हणून वाढदिवसाच्या दिवशी कोपरीच्या घरी एक दावा मांडला जाईल. दोन्ही बाजू मी मांडीन. मग दार लागेल. ताई आत असतील, आणि मी बाहेर चहाची वाट पाहत बसेन. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो, कान आजच्यासारखेच तीक्ष्ण राहोत, आणि त्या दिवशी आतल्या मंडळींचे एकमत व्हायला खूप, खूप वेळ लागो.